जिभेला धरणारा दगड

लोहारा
१८ ऑगस्ट २०२५

शिवकन्या,

वर आशीर्वाद लिहायची रीत आहे. पण तू तो घेशील की नाही ठाऊक नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं. आशीर्वाद माझ्याजवळ ठेवलाय, लागेल तेव्हा माग.

माझ्या नंबरावरून तुला फोन लागत नाही. आधी वाटलं, सोलापुरात रेंजची अडचण असेल. मग शेजारच्या निकिताच्या फोनवरून लावला तर पहिल्याच घंटीला उचललास, "हॅलो" म्हणालीस आणि माझा आवाज ऐकून ठेवून दिलास. तेव्हा उमगलं. चार महिन्यांत तुझं तेवढं एक "हॅलो" ऐकलं. ते काही कमी नाही.

दीपालीनं मला फोन केला होता. तिच्यावर रागवू नकोस. नणंद असली तरी तुम्हा मायलेकींना तिनंच घरात घेतलं. ती म्हणाली, जाई भिंत चाटते. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, लोहाची बाटली दिली, तरी चाटते. आणि रोज रात्री अंथरूण भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणते. या दोन्ही गोष्टी दीपालीनं वेगवेगळ्या सांगितल्या, म्हणून मीही वेगवेगळ्याच ऐकल्या. तू लहानपणी चुलीचे पोपडे खायचीस, तुझी आई डोक्याला हात लावून बसायची. सुटली की सवय. गूळ-शेंगदाणे देत जा. मारू नकोस.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते.

तेराव्याच्या दिवशी तू मला ओसरीत विचारलंस, "अण्णा, अमरनाथनं खडक न बघता काम रेटलं, एवढी साक्ष द्याल ना?" मी टोपी काढून हातात घेतली आणि तिची घडी घालत बसलो. तू वाट बघितलीस. मग उठून आत गेलीस. जमादारालाही मी इतकंच लिहून दिलं, की विहीर ढासळली त्या दिवशी मी येरमाळ्याला येडाईच्या यात्रेत होतो, मला काही ठाऊक नाही. तुला वाटलं, जावई उत्तरेश्वरराव विहिरीत गाडले गेले आणि बाप यारीवाल्या अमरनाथच्या बाजूनं गेला.

मी त्याच्या बाजूनं गेलेलो नाही. आज एवढंच लिहितो.

उत्तरेश्वररावांच्या फोनवर माझा एक मिस्ड कॉल आहे, त्याच दिवशीचा, सकाळचा. त्याचं तू विचारलं होतंस. प्रसादाला काय आणू ते विचारायला लावला होता. यात्रेच्या गर्दीत रेंज गेली.

जाईची दगडांची पेटी माझ्याकडेच आहे. रोज फडकं मारतो. एकतीस वर्षं कॉलेजातल्या दगडांच्या कपाटाला फडकं मारलेला शिपाई मी, दुसरं काय येतं मला.

अण्णा


लोहारा
१२ सप्टेंबर २०२५

शिवकन्या,

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ. "अण्णा, साक्ष देणार का न्हाई तेवढं कळवा." खाली सही नाही. सही कशाला हवी, तुझा 'ळ' मी शंभरात ओळखतो.

मंगळवारी अमरनाथची बायको आली होती. शुभांगी. विहिरीतला दगड वर ओढायची त्याची यारी पोलिसांनी ताब्यात घेतलीय, पाच महिने गंजत उभी आहे. तो जामिनावर घरी असतो, पण कुणी कामाला बोलवत नाही. दारातूनच तिनं विचारलं,

"काका, तुमच्यासमोरच बोलले होते ना ते? तांबड्या थराला कडं टाका म्हणून?"

मी म्हणालो, "बस आधी. चहा ठेवतो."

"चहा नको. व्हय का न्हाय, तेवढं सांगा."

मी आत जाऊन साखर शोधायला लागलो. सापडेना. ती बाहेरून म्हणाली, "डब्यावर 'साखर' लिहिलंय काका. हितनं दिसतंय मला."

मी चहा केला. तिनं घेतला नाही, तसाच ठेवून गेली. कपावर साय धरली.

तू एक ओळ लिहितेस, ती एक ओळ विचारते, आणि दोघींना एकच ओळ हवी आहे. म्हणून लिहितो. व्हय. अमरनाथ बोलला होता.

बारा एप्रिल, चैत्री पौर्णिमा. माकणीला तुमच्या शेतात मी सकाळीच आलो होतो, तिथूनच येरमाळ्याची जीप धरायची होती. तू घरात पुरणाचं बघत होतीस. विहीर सहा परस खाली गेली होती. वर मुरूम, मग मऊ मांजऱ्या दगड, मग काळा पाषाण, आणि पाषाणाच्या खाली हातभर जाडीचा तांबडा पट्टा. अमरनाथनं वर काढलेल्या ढिगातलं एक ढेकूळ माझ्या हातात दिलं. दोन दिवस उन्हात पडलेलं होतं.

"अण्णा, वरचा सगळा पाषाण ह्या तांबड्यावर बसलाय. मला ह्येचा भरवसा न्हाई. आधी सिमेंटचं कडं टाकू, मग खाली जाऊ."

उत्तरेश्वरराव म्हणाले, "मला बी तसंच वाटतंय. पण अण्णा सांगतील तसं."

अण्णा सांगतील तसं. पंचक्रोशीत कुठंही विहीर लागली की माझ्याकडं दगड यायचा. कुणाला पिवळं चमकणारं काही सापडलं की सोनं समजून धोतराच्या सोग्यात बांधून आणायचे. मी फरशीच्या खरखरीत पाठीवर घासून दाखवायचो. काळी रेघ उठली की त्यांचं तोंडही तसंच व्हायचं. मला त्याची मजा वाटायची, खोटं कशाला बोलू. सातवी शिकलेल्या माणसाला लोक 'दगडवाले अण्णा' म्हणत होते.

तर मी ढेकळावर नख ओढलं. उमटलं नाही. नाण्यानं ओढलं, बारीक ओरखडा. फरशीवर घासलं, गेरूसारखी तांबडी रेघ. हातात तोललं. हातोडी मारली, विटेसारखं वाजलं. म्हणालो, "भाजलेला थर आहे, पक्का. कडं लागत नाही." अमरनाथ पुन्हा काही बोलायला लागला तर मी म्हणालो, "तू यारी हाक रे बाबा. दगड काय म्हणतो ते मला ऐकू दे." गडी हसले. उत्तरेश्वररावही हसले, माझं मन राखायला.

शिवकन्या, अशा ढेकळाच्या दोन परीक्षा अजून असतात, आणि त्याच खऱ्या. एक पाण्याची. भांड्यात टाकून अर्धा तास बसायचं. भाजलेलं असेल तर तसंच राहतं, मातीचं असेल तर विरघळतं. माझी जीप साडेदहाची होती. दुसरी जिभेची. कोरड्या चिकणमातीला जीभ लावली की ती जीभ धरते, सोडवून घ्यावी लागते. आणि जी जीभ धरते, ती पाणी पिऊन फुगते. ती मी लावली नाही. येडाईच्या रानात चुनखडीचे पाच खडे वेचून ढिगावर टाकेपर्यंत माझ्या तोंडात काही जात नाही, तुझ्या लग्नाच्या आधीपासूनचा नेम आहे. मातीनं उपवास मोडेल म्हणून मी जीभ लावली नाही.

मीच पोरांना शिकवायचो, एका खुणेवर दगडाचं नाव ठेवू नका, सगळ्या खुणा जुळू द्या. आणि मी मात्र सोयीच्या तेवढ्या घेतल्या.

हे जमादाराला मी सांगितलेलं नाही. अजून सांगितलेलं नाही.

अण्णा


लोहारा
२ ऑक्टोबर २०२५, दसरा

शिवकन्या,

मागच्या पत्राची पोच आली, त्यावर तुझी सही आहे. कार्ड आलं नाही. वाट बघत नव्हतो असं लिहिणार होतो, पण बघत होतो.

इकडं पावसानं आभाळ फाटल्यागत केलं. पिकं पाण्यात उभी आहेत. काल माकणीला जाऊन आलो. तुमची विहीर काठोकाठ भरलीय. ढासळलेली बाजू पाण्याखाली गेलीय, आता कुणी नवखा आला तर त्याला काही कळायचं नाही. पाणी मात्र तांबडं आहे. बाकी सगळ्यांच्या विहिरी गढूळ, तुमची तेवढी तांबडी. काठावर बाभळीला कुणी तरी तार गुंडाळलीय.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. उरलेलं लिहितो.

येरमाळ्याला रेंज होती.

तेरा तारखेला सकाळी पालखी चुन्याच्या रानात आली. लाखभर माणूस वाकून पांढरे खडे वेचत होतं. ऊन फार, म्हणून मी पिशवीतनं पंचा काढला, तर पंचा तांबडा. पिशवीत तळाला चिखल. ते ढेकूळ मी कागदात गुंडाळून बरोबर घेतलं होतं, लोकांना दाखवायला. पाण्याची बाटली पाझरली होती. रात्रीतनं त्या पक्क्या, भाजलेल्या, विटेसारख्या वाजणाऱ्या दगडाचा लोण्यासारखा गारा झाला होता. बोटांत धरला तर बोटं घसरली.

मला तिथंच, उभ्या जागी सगळं कळलं. वरचा पाषाण कशावर बसलाय ते कळलं. पाझर लागला की काय होणार तेही. सव्वादहा वाजले होते.

फोन काढून लावला. एक घंटी वाजली. आणि शेजारी माझ्याच जीपमधले चौघे उभे होते. रस्ताभर मी त्यांना अमरनाथची गोष्ट रंगवून सांगत आलो होतो, यारीवाला मला दगड शिकवायला निघाला म्हणून. त्यांच्यातला एक ओळखीच्याला सांगत होता, "ह्यांच्या हातात दगड दिला की दगड बोलतो." मी घंटी तोडली. म्हटलं, यात्रेच्या दिवशी कोण काम करतं. संध्याकाळी घरी जाऊन निवांत सांगू, चारचौघांत कशाला.

उत्तरेश्वररावांनी उलट फोन केला. दोनदा. खिशात वाजत होता, मांडीला कळत होतं. मी उचलला नाही. मी खडे वेचत होतो. पाच वेचायचे असतात, मी किती वेचले ठाऊक नाही.

काम बंद नव्हतं. दुपारी पाझर लागला. पाणी लागलं म्हणून उत्तरेश्वरराव स्वतः नारळ घेऊन उतरले. मालकानंच उतरायचं असतं पहिल्या पाण्याला. अमरनाथनं त्यांना अडवलं होतं. "बाहेरच फोडा मालक, भिंत ओली झालीया," असं तो म्हणाला होता, असं गडी सांगतात, पण ते त्याच्याच रोजावरचे म्हणून कुणी मानलं नाही. त्यावर उत्तरेश्वरराव म्हणाले, "अण्णांनी बघितलंय की."

चार वाजता.

सव्वादहा ते चार. या वेळात मी प्रसाद घेतला, रसवंतीत रस प्यालो, बसस्टँडवर सावलीला झोपलोसुद्धा.

अण्णा


लोहारा
२६ ऑक्टोबर २०२५

शिवकन्या,

या वेळी पोचही आली नाही. मागचं पत्र तू घेतलं नाहीस, की घेऊन सही केली नाहीस, मला कळायला मार्ग नाही. हे दीपालीच्या हाती देतो आहे. भाऊबीजेला ती लोहाऱ्याला आली, उद्या परत निघेल. ओवाळायला आता तिला भाऊ नाही, म्हणून माझ्याकडं आली. मी पाटावर बसलो. तिनं ताट उचललं, मग खाली ठेवलं, आणि आम्ही दोघांनी पोहे खाल्ले.

तिनं सांगितलं, तू जाईला तोंडावर मारलंस, ओठ फुटला. शाळेची भिंत चाटली म्हणून बाईंनी बोलावून घेतलं होतं. तू दिवसभर शिलाई मशीनवर बसून येतेस, त्यात हे, कुणाचाही हात उठेल. तुला बोल लावायला मी हे लिहीत नाही.

मग दीपाली सहज म्हणाली, "काका, परवा रात्री मी भिंतीकडंला पडले तर पोरगी उठून बसली. म्हणाली, आत्या, ही भिंत धरती. तू हिकडं झोप."

मी बशी खाली ठेवली.

शिवकन्या, एक गोष्ट मी तिन्ही पत्रांत लिहिली नाही. विहिरीचं सगळं लिहिलं, फोनचं लिहिलं, आणि ही लपवली, कारण बाकीच्यांसाठी मला काही ना काही सबब सापडते. हिच्यासाठी सापडत नाही.

त्या सकाळी जीभ लावली होती. जाईनं. मी नख ओढत होतो, नाणं ओढत होतो, ती माझ्या गुडघ्याला टेकून उभी होती. ढेकळाचा तुटलेला टवका तिनं उचलला, जिभेला लावला आणि म्हणाली, "आजोबा, ह्यो धरतो." मीच शिकवलं होतं तिला, गेल्या वर्षीच्या दिवाळीत, पणतीच्या खापरीवर. मी म्हणालो, "थुंक आधी. उपवासाच्या दिवशी माती खाती का?" ती पुन्हा म्हणाली, "पण धरतो ना." मी तिच्या हातातला टवका घेऊन फेकून दिला. अमरनाथ आमच्याकडं बघत होता. उत्तरेश्वररावांनी तिचं तोंड रुमालानं पुसलं.

सात वर्षांच्या पोरीनं बरोबर सांगितलं, कुणी ऐकलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी बाप त्याच दगडाखाली गेला. ती जंतानं भिंत चाटत नाही. ती रोज तुमच्या घराची भिंत तपासते, आणि सोलापूरच्या त्या चाळीच्या भिंतीला चुना दिलेला आहे. चुना जीभ धरतो. म्हणून अंथरूण ओढते. म्हणून शाळेची भिंत चाटते. ती तुम्हाला राखते आहे, आणि त्यासाठी मार खाते आहे.

काल कोर्टातल्या वकिलाकडं जाऊन मी सगळं लिहून दिलं. पहिला जबाब खोटा होता हेही लिहिलं. वकील म्हणाले, "काका, आता तुमच्यावर शेकेल." मी म्हणालो, शेकू द्या. येताना अमरनाथच्या घरावरून आलो. तो दारात नांगराचा फाळ घासत बसला होता. मी सांगितलं. तो घासायचा थांबला नाही. फाळ उलटा करून म्हणाला, "सा म्हैने लागले तुमाला, अण्णा." शुभांगीनं आतून चहा आणला, माझ्यासमोर ठेवला आणि आत गेली. मी तो प्यालो. गार होईपर्यंत ठेवायचं धाडस झालं नाही.

तुझी फिर्याद आता टिकायची नाही. तो राग तुझ्याजवळ होता, त्याच्या आधारानं तू उभी होतीस, तेवढाही मी काढून घेतला. तो माझ्या नावावर कर. साक्ष देणार का न्हाई, विचारलं होतंस. दिली. तुला हवी होती ती ही नव्हे.

आता शेवटचं. हे तुझ्यासाठी नाही, जाईसाठी आहे, तेवढं कर.

पुडीत एक ढेकूळ आहे, तुमच्या विहिरीच्या ढिगातलंच. पावसानं भिजलेलं होतं, मी तीन दिवस पत्र्यावर वाळवलं. जाईला सांग, घराच्या भिंतीवर नाणं ओढ. पांढरं निघेल. तो चुना, भाकरीवरच्या पापुद्र्याएवढा. त्याच्या आत दगड आहे, काळा. दीपाली म्हणते, मोरीजवळ पोपडा उडालाय तिथं दिसतो. त्यातली एक कपची काढा. तिला जीभ लावू दे, रागवू नको. धरणार नाही.

मग दोन ग्लास घ्या, काचेचे, आतलं दिसेल असे. एकात माझं ढेकूळ, एकात भिंतीची कपची. पाणी ओता आणि तिघीजणी अर्धा तास बसा. मी बसलो नव्हतो. घाई करू नका, आधी नुसते बुडबुडे येतात, काही होत नाही असं वाटतं. मग कडा सुटतात.

पाणी तांबडं झालं की तिला सांग, तू बरोबर सांगितलं होतंस, आजोबांनी ऐकलं नाही. माझं नाव घेऊन सांग. ती विचारेल, मग बाबांनी का नाही ऐकलं. तिला म्हण, बाबांनी आजोबांचं ऐकलं.

तांबडं पाणी मोरीत ओतू नका, गाळ बसून तुंबते. कुंडीत ओता. दुसरा ग्लास तसाच राहू द्या, रात्रभर, तिच्या उशाशी. कपची विरघळायची नाही. सकाळी तिला स्वतःच बघू दे. तिनं अंथरूण भिंतीकडं सरकवलं की नाही, ते मला कळवलं नाहीस तरी चालेल. सरकवलं तर खोलीत तुम्हा तिघींना जागा होईल.

अण्णा